दोन डोळे राखून

एकतीस वर्षं गोरित्सियाच्या शाळेत
मी फळ्यावर लिहीत आले: पुतो, पुतास, पुतात.
मला वाटतं, तुला वाटतं, त्याला वाटतं.
खडू झटकायचा. पुढचं क्रियापद.

शेवटच्या बाकावरच्या ओदोरिकोनं एकदा विचारलं,
"बाई, वाटण्याआधी हा शब्द काय करायचा?"
मी म्हटलं, तास संपलाय.

माहीत होतं मला.
पण सांगायचं तर आधी कात्री सांगावी लागली असती,
कात्री धरणारा हात,
हाताच्या भेगांत बसलेलं निळं मोरचूद,
पालकसभेला तो हात खिशात घालून
दाराशी उभा राहिलेला माणूस.
शब्द आधी वेली छाटायचा, मुलांनो.
मग विचार करायला लागला.
एवढंच वाक्य. एकतीस वर्षांत निघालं नाही तोंडातून.

आता फेब्रुवारी. बोरा वारा टेकडीवरून उतरतोय
आणि बाबांची वाचा गेलेली आहे.
उरलेत दोनच शब्द: "हो" आणि "ओंदिना",
म्हणजे आईचं नाव. दोन्हींचा अर्थ एकच.
पण वेलीसमोर ते उभे राहतात अजून.
बघतात. पलीकडून येऊन पुन्हा बघतात.
गेल्या वर्षीची जखम, त्याआधीची,
कुठली काडी उन्हाकडे गेली, कुठली उगाच माजली.
मी मिशीवर साचलेलं दव बघत थांबते.
मग एकदाच, कट.
दोन डोळे राखून बाकी सगळं जमिनीवर.

मी समजत होते, विचार म्हणजे जमवणं:
टिपणं, समास, तळटिपा.
असल्या काडीशी त्याचा
काडीचा संबंध नसेल, असंच.

रात्री स्वयंपाकघरात त्यांची हिशेबाची वही उघडली.
रोमन लोक हिशेबही छाटायचे, त्याच क्रियापदानं:
हे येणं खरं, हे वाळलेलं, हे आता धरून ठेवू नये.
भूकंपाच्या वर्षाचं पान. लिव्हिओ ब्रुमात, नावापुढे
आमच्या दोन हंगामांएवढा आकडा.
त्यावर एक आडवी रेघ. फेडल्याची नोंद नाही.
त्या वर्षी मला नवे बूट मिळाले नव्हते,
ते कारण आज, एकसष्टाव्या वर्षी, कळलं.
रेघेवरून बोट फिरवलं.
कागद तिथं अजून खोलगट आहे.

मार्चात त्यांच्या पायाचा अंगठा काळा पडला.
डॉक्टरीणबाई तरुण, घाईत, म्हणाल्या: अम्पुतारे.
मी दचकले ते आजाराला नाही,
पांढऱ्या कोटाच्या तोंडी आमची कात्री ऐकून.
मी सोपा शब्द शोधत होते त्यांच्यासाठी,
तेवढ्यात बाबांनी वाकून
आपल्याच पायावर नखानं रेघ ओढली.
इथून. तिरका,
पाणी डोळ्यावर उतरू नये म्हणून.
डॉक्टरीणबाईंना वाटलं, खाज येतेय.
"हो," बाबा म्हणाले.
आणि मग, जरा वेळानं, "ओंदिना."

खालच्या तीन ओळी राहिल्यात अजून, उशीर झालाय,
छाटल्या जागी वेली ठिबकायला लागल्यात.
त्यांची खुर्ची बांधावर, गुडघ्यांवर घोंगडी.
आणि त्यांच्या हाताला घडलेली कात्री
माझ्या हाताला मोठी.

पहिली काडी मी चुकीची कापली.
त्यांनी डोळे मिटले, बोलले काही नाहीत;
बोलता येत होतं तेव्हाही बोलले नसते.

ओदोरिको आता चाळिशीचा असेल.
पत्ता नाही माझ्याकडे.
मी दुसऱ्या वेलीसमोर उभी आहे.
बघतेय. पलीकडे जाऊन पुन्हा बघतेय.
कात्री उघडलीय.
अजून लावलेली नाही.